आई डावीकडे का वळायची

...आणि वर मलाच विचारतात, ‘काय गं, हा घेतला की पाठ दुखायची खरंच थांबते का?’ आता काय सांगू? मी आपली त्यांच्या दारात उकिडवी बसलेली, एका हातात पेला, दुसऱ्या हातात लेंडी पिंपळीच्या तिखट काढ्याची बाटली, पाठीत कुणीतरी ओल्या फडक्यासारखा पीळ घालतंय, आणि तोंडाने मी म्हणतेय, ‘थांबते म्हणजे काय काका, मी स्वतः रोज घेते, माझ्याकडे बघा की.’ बघा की म्हणते, आणि मनात म्हणते, आता नका बघू, आता मला उठायचंय...

तुम्हाला सांगते, पाठ दुखणारी माणसं जगात पुष्कळ असतील, गवंडी असतील, कोळी असतील, भातलावणी करणाऱ्या बायका असतील, पण त्यांचं एक बरं असतं. त्यांना ‘आई गं’ म्हणता येतं. मला येत नाही. कारण मी पाठदुखीचं औषध विकते. आणि विकते कशी, तर पाठीवरून. बांबूची टोपली, तिच्यात आठ काचेच्या बाटल्या, ती टोपली स्लेंदांगमध्ये, म्हणजे ज्या लांब कापडात आमच्या बायका तान्ही पोरं बांधतात त्यात बांधायची, छातीवर गाठ मारायची, आणि हातात पेले विसळायला पाण्याची बादली. बावीस किलो. सोलो शहराच्या कडेला नदीकाठची आमची वस्ती, तिथून निघायचं आणि दारोदार फिरत कांदाबाजारापर्यंत जायचं. जामू विकते मी. जामू म्हणजे काढेच हो, पण काढा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे अंथरुणाला खिळलेला माणूस येतो. आमच्याकडे चांगला धडधाकट माणूस रोज सकाळी उभ्या उभ्या पितो. हळद-चिंचेचा, तांदळाचा गोडसर, आल्याचा, किराईताचा कडूजहर, त्याच्यावर तोंड गोड करायला गुळाचा, आणि पाठीसाठी, कंबरेसाठी, सगळ्या सांध्यांसाठी पिंपळीचा. सगळ्यात जास्त खपतो तोच. आणि आता तुम्हीच सांगा, पाठीचं औषध विकणारीने गिऱ्हाइकासमोर कण्हायचं म्हणजे टकल्या माणसाने केसांचं तेल विकण्यासारखंच की नाही?

तर मी कण्हत नाही. तीन वर्षं झाली, कण्हले नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं दुखतंय तर गाडी घे. हातगाडी घे, आता सगळ्या पोरी हातगाडीवरूनच विकतात. अहो, हेच आई म्हणाली होती. मी परत आले त्या दिवशी, अंगणात, माझी बॅगसुद्धा अजून दारातच होती. ‘विकायचाच असेल तर गाडी घे, न्दुक.’ आमच्याकडे थोरली माणसं पोरीला न्दुक म्हणतात, आणि आईने न्दुक म्हटलं की माझं काहीतरी चुकलेलं असतं. मी म्हटलं, ‘आई, मी गाडीसाठी परत आले नाही.’ आणि सुरू झाले. तुम्हाला काय सांगू, काय बोलले मी त्या दिवशी. मी म्हटलं, पाठीवरची टोपली म्हणजे काही ओझं नाही, ते लेकरू आहे. म्हटलं, जी माती आपण विसरलो ती ह्या टोपलीच्या तळाशी आहे. म्हटलं, यंत्राच्या चाकावर आपली संस्कृती मी लोटणार नाही. आई हळद किसत होती. हात पिवळे मनगटापर्यंत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘घे मग टोपली. पाठ आहे, दुखणारच.’

एवढंच. पाठ आहे, दुखणारच.

मी काही लहानपणापासून टोपली घेतलेली नाही, बरं का. मी शिकलेली आहे. नेदरलँड्समध्ये, शिष्यवृत्तीवर, सहा वर्षं. विषय लोकजीवन. आणि तुम्हाला सांगते, लोकजीवनाचा अभ्यास करायला माणसाला लोकांपासून दूर पाठवतात, ती युक्ती भलतीच चांगली आहे, कारण तिथे दुसरं काही सुचतच नाही. हिवाळ्यात दुपारी चारला दिवे लागायचे, सायकलवर बसलेली उंच उंच माणसं समोरून जायची, आणि मला आठवायचा तो आवाज. बाटल्यांचा. काच काचेला हळूच लागते ना, तो. आई गल्लीच्या तोंडाशी आली की तो ऐकू यायचा, मग तिची हाक, ‘जामूऊऊ...’, शेवटचा ऊ असा लांब, वर चढत जाणारा, आणि मग ती दिसायची, मागे आले-हळदीचा वास घेऊन. एकटी नाही हो, तेव्हा आमच्या गल्लीतून सात जणी निघायच्या. सकाळी केस विंचरून, अंबाडे घालून, ओठ रंगवून, एकीमागे एक, जशी काही लग्नाची वरात. गल्लीच्या टोकाला गेल्या की सात दिशांना फुटायच्या. कुणी कुणाच्या वाटेवर जायचं नाही. मी दारात उभी राहून मोजायची. आता सकाळी मी एकटी निघते. बाकीच्यांच्या पोरी कापडाच्या कारखान्यात आहेत, आणि दुकानात जामूच्या पुड्या मिळतात, गरम पाण्यात टाका आणि ढवळा. असो. तिथे परदेशात मी काय करायची, तर दोन रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून चालायची. फक्त आवाजासाठी. एकदा एका म्हातारबाबांनी मला मोठ्या सहानुभूतीने दारू सोडवणाऱ्या संस्थेचा पत्ता दिला.

तर तिथे मी प्रबंध लिहिला. विषय, माझ्या आईचा रस्ता.

हसू नका, नीट ऐका. आमच्या वस्तीतून कांदाबाजाराला जायला सरळ रस्ता आहे. रुंद, झाडांचा, दोन्हीकडे मोठाली घरं, पैसेवाली माणसं. वीस मिनिटांत बाजार. माझी आई चौतीस वर्षांत त्या रस्त्याने एकदाही गेली नाही. पाण्याच्या टाकीपाशी यायची आणि डावीकडे वळायची. मग पक्ष्यांचे पिंजरे विणणाऱ्या पाक मार्जुकींच्या, म्हणजे मार्जुकीकाकांच्या दारावरून, मग अकरा पायऱ्या उतरून, मग मशिदीच्या मागून, मग नदीच्या कडेकडेने, नागमोडी, नऊ ठिकाणी थांबत. पाऊण तास. आता का? मी आठ वर्षांची असताना विचारलं होतं, ‘आई, आपण सरळ का जात नाही?’ म्हणाली, ‘सवय आहे.’

तुम्हाला सांगते, ह्या दोन शब्दांवर मी एकशे चाळीस पानं लिहिली.

मी लिहिलं, की नऊ थांबे म्हणजे आमच्या जुन्या समजुतीतल्या नऊ दिशा, आठ बाजूंच्या आठ आणि मधली एक. मी लिहिलं, की डावीकडचं वळण हा श्रीमंतीचा मूक निषेध आहे, ही बाई रोज सकाळी त्या मोठ्या घरांकडे पाठ फिरवते. पाठ. बघा, किती जवळ जाऊन आले होते मी. पाक मार्जुकींच्या दाराशी एक ठेंगणा विटांचा कठडा आहे, त्याच्यात तीन थर आहेत, तीन रंगांच्या विटांचे, त्याच्यावर तर मी स्वतंत्र प्रकरण लिहिलं, ‘कालाचे थर’. आमच्या प्राध्यापिकाबाईंनी ते वाचून चष्मा काढला आणि डोळे पुसले. पहिला क्रमांक. आईला फोन केला, ‘आई, तुझ्या रस्त्याला बक्षीस मिळालं.’ पलीकडून म्हणाली, ‘बरं झालं. जेवलीस का?’

आणि मग आले परत, आणि घेतली टोपली, आणि त्याच रस्त्याने, त्याच नऊ थांब्यांवर. पहिले चार महिने काय सुंदर गेले म्हणून सांगू. पाचव्या महिन्यात डावीकडे खाली, कंबरेच्या वर, एक बारीकशी कळ. म्हटलं, मातीची ओळख पटतेय. सातव्या महिन्यात ती ओळख पायात उतरली. वर्षाने सकाळी उठून मोजे घालणं बंद केलं, सोलोत मोज्यांची गरजच काय, नाही का? दुसऱ्या वर्षी शिंकणं बंद केलं. म्हणजे शिंक आली की भिंत शोधायची, दोन्ही हात टेकायचे, आणि मग शिंकायचं. आईला एकदा म्हटलं, जरा लागतंय गं इथे. तिने वर बघितलंसुद्धा नाही. ‘पाठ आहे, दुखणारच.’ आणि लगेच म्हणाली, ‘गल्लीत कुणाला बोलली नाहीस ना?’

नाही बोलले. उलट काय केलं, तर उठताना हाक मारायला लागले. बाटली भरून दिली, पेला विसळला, टोपली पाठीवर घेतली, आणि आता उठायचं, तर ज्या क्षणी ती कळ मस्तकात जाते त्याच क्षणी मी ‘जामूऊऊ...’ अशी लांबलचक. कण्हणं हाकेत मिसळून जायचं. आणि लोक काय म्हणायचे माहिती आहे? ‘व्वा, अगदी साकिनेमची पोर. आवाज हुबेहूब आईचा.’ मला काय अभिमान. मला वाटायचं, रक्तातून आला.

असं तीन वर्षं. आणि मग तो बुधवार.

कांदाबाजारात गोण्या वाहणाऱ्या बायका आहेत. आमच्यासारख्याच स्लेंदांगमध्ये बांधून, पाठीवरून, पन्नास-पन्नास किलो कांदा. त्यांची म्होरकी बू तुकिराह, थोरल्या बाईला आमच्याकडे बू म्हणतात. बासष्ट वर्षांची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि तोंड असं की कांद्याला रडू यावं. ह्या बायका म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, पिंपळीची अख्खी बाटली ह्यांच्यातच संपते. त्या घेतात, मग गोण्या उचलतात. रोज. तर मी बसले उकिडवी, पहिला पेला बू तुकिराहना, दुसरा भरायला हात पुढे केला, आणि आत काहीतरी ‘कट्’ झालं. आवाज आला हो, मला ऐकू आला. आणि मी थांबले. म्हणजे सगळीच थांबले. मान हलते, हात हलतात, तोंड हलतं, मधला भाग कुणी सिमेंट ओतून घट्ट केल्यासारखा.

आता काय करायचं? वीस बायका समोर. हातात पाठीचं औषध. मी बोलायला लागले.

काय बोलले विचारा. हळदीवर बोलले. हळदीचा इतिहास, हळदीचा प्रवास, हळद आणि स्त्री. बायका पीत होत्या, मी भरत होते, हात चालू होते ना. मग चिंच. मग परकी सत्ता आणि मसाल्यांची लूट. आजूबाजूचे हमाल जमले, कोंबड्या विकणारे जमले, तीन सायकलरिक्षावाले सायकलरिक्षा लावून आले. मी म्हटलं, आपल्या कण्याने जग उचललं आहे, हा कणा ताठ ठेवा. लोकांनी माना डोलावल्या. माझा काटकोन झालेला. आठच्या आठ बाटल्या रिकाम्या झाल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि मी अजून तिथेच.

बू तुकिराह म्हणाल्या, ‘संपलं ना सगळं? ऊठ की आता.’

‘बसते जरा. बोलायचंय थोडं.’

‘अर्धा तास हळदीवर बोललीस. हळद आम्ही रोज वाहतो, न्दुक, आम्हाला तिची ओळख आहे.’

‘चिंचेचं राहिलं होतं...’

‘चिंचेचंही झालं. काय होतंय?’

‘कुठे काय?’

‘पाठ?’

‘छे हो. माझी पाठ उत्तम आहे.’

‘मग ऊठ.’

मी हसले. तुम्हाला सांगते, असं केविलवाणं मी कधी हसले नसेन. बू तुकिराहनी माझ्याकडे बघितलं, शांतपणे, जशी बाई दुधाकडे बघते, आता वर येईल म्हणून. मग मागे वळून म्हणाल्या, ‘अगं ए, दोघी इकडे या. रुंद स्लेंदांग आणा. साकिनेमचंच झालंय हिला.’

साकिनेमचंच. माझ्या आईचंच.

मी म्हटलं, ‘म्हणजे?’ पण तोपर्यंत एकीने माझ्या कुल्ल्यांखालून कापड घातलं, दुसरीने काखेत हात घातले, ‘श्वास सोड, सोड, धरून ठेवू नको’, आणि ज्या सफाईने त्यांनी मला फिरवलं, उचललं आणि बू तुकिराहच्या पाठीवर बांधलं ना, ती सफाई काही पहिल्यांदा करण्यातली नव्हती. हा हात बसलेला होता. मी एकतीस वर्षांची, परदेशात शिकलेली बाई, बासष्ट वर्षांच्या बाईच्या पाठीवर, पाय लोंबकळतायत, मागून माझी टोपली घेऊन दुसरी एक. ‘मी जड आहे हो’, मी म्हटलं. बू तुकिराह म्हणाल्या, ‘कांद्यापेक्षा हलकी आहेस. फक्त कांदा बोलत नाही.’

आणि निघालो. सरळ रस्त्याने नाही. आईच्याच रस्त्याने, उलट्या बाजूने.

मी कानात म्हटलं, ‘सरळ जवळ पडलं असतं.’

‘आणि टेकू कुठे? तुझ्या डोक्यावर?’

तुम्हाला सांगते, मला तोवरही कळलं नव्हतं. नदीकाठच्या कपडे धुवायच्या दगडापाशी आलो, बू तुकिराह पाठमोऱ्या झाल्या, गुडघे जरासे वाकवले, आणि मला त्या दगडावर टेकवलं. भार दगडावर, त्या मोकळ्या. चार श्वास घेतले, पुन्हा उचललं. म्हणाल्या, ‘इथे टेकायची तुझी आई. हा दगड बरोबर तिच्या टोपलीच्या उंचीचा. खाली वाकायचं नाही, पाठ फिरवायची आणि टेकायचं.’ पुढचा थांबा, एका पडक्या पुलाचा खांब. त्याच उंचीचा. त्याच्या पुढे मशिदीमागची पायरी. त्याच उंचीची. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, पाच, सात... नऊ दिशा माझ्या डोळ्यांसमोरून एकेक करून चालल्या होत्या, आणि प्रत्येकीवर मला टेकवत होते.

‘बू तुकिराह,’ मी म्हटलं, ‘आई पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे का वळायची?’

‘सरळ रस्त्याला सगळ्या भिंती पुरुषभर उंच आहेत, म्हणून. त्या मोठ्या घरांना बसायला कठडा कुठे असतो? पाठ काय हवेत टेकवायची?’

एकशे चाळीस पानं. डोळे पुसले होते त्या बाईंनी.

‘तुम्हाला माहीत होतं? तिची पाठ...’

‘अगं, वीस वर्षं. पहिल्यांदा तिथेच बसली होती, आज तू बसलीस तिथेच. आम्हीच घरी आणलं. मग कधी वर्षातून एकदा, कधी दोनदा. आणि बाकी दिवस तिची हाक ऐकली की कळायचं. हाक जेवढी लांब तेवढं दुखणं जास्त. तो ऊ फार चढला की आम्ही म्हणायचो, आज साकिनेमला उभ्यानेच विकू द्या, पेले आपणच विसळू.’

सहा वर्षं परदेशात ज्या हाकेसाठी मी झुरले, पिशवीत बाटल्या घालून फिरले, ती हाक... जाऊ दे.

अकरा पायऱ्यांपाशी आलो तेव्हा विचारलं, ‘मग तुम्ही तिचा जामू घेत का राहिलात? तिचीच पाठ दुखायची थांबत नव्हती तर?’

बू तुकिराह चालत राहिल्या. पायऱ्या चढायला लागल्या, एक, दोन. पाचव्या पायरीवर म्हणाल्या, ‘पन्नास किलो उचलायच्या आधी कुणीतरी म्हणावं लागतं ना, की काही होणार नाही. ती म्हणायची. आम्ही तिला दुखतं हे बोलून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिने ते कुठल्या तोंडाने म्हटलं असतं?’ सहाव्या पायरीवर म्हणाल्या, ‘आता बोलू नको, दम लागतो.’

पाक मार्जुकींच्या दाराशी आलो. पाक मार्जुकी म्हणजे सत्तरी ओलांडलेला एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एक होला पक्षी पाळलाय आणि दिवसभर पिंजरे विणतो. बांबूची काडी दातात धरून आमच्याकडे बघत राहिले. ‘आज कोण कुणाला विकतंय?’ म्हणाले. बू तुकिराहनी मला कठड्यावर टेकवलं. तीन थर, तीन रंग, माझं स्वतंत्र प्रकरण. मी हात फिरवत विचारलं, ‘हे थर कधीचे, काका?’

‘खालचा जुना. तुझ्या आईला तेवढं वाकायला जमेना तेव्हा एक वाढवला. मग पाच-सात वर्षांनी आणखी एक. तिला थोडंच सांगायचं? म्हटलं, मला बसायला उंच हवं.’

‘तिला कळलं नाही?’

‘न कळायला काय झालं? तिसऱ्या थराच्या दिवशी दोन पेले जास्तीचे दिले मला. म्हणाली, उरलेत. सकाळी आठ वाजता कुणाचे उरतात गं?’

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी. बघितलं तिने. आधी मला नाही, बू तुकिराहला बघितलं.

‘सांगितलंस?’ आई म्हणाली.

‘मी कशाला सांगू? टेकत टेकत आले. तिलाच दिसलं.’

‘आत आण.’

मग दुपारभर मी पालथी. आई तेल लावून नाण्याच्या कडेने पाठ खरवडत होती, आमच्याकडचं जुनं औषध, लाल लाल रेघा उठेपर्यंत. मी उशीत तोंड खुपसून विचारलं, ‘चौतीस वर्षं, आई?’

‘चौतीस कुठली? पहिली सहा चांगली गेली.’

नाणं वरून खाली, वरून खाली.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘काय सांगायचं? पाठ आहे, दुखणारच.’

‘आणि तो प्रबंध? मी एवढं सगळं लिहिलं, नऊ दिशा...’

‘पोरीने आपल्यावर पुस्तक लिहिलंय, त्यात कुठे दुखणं काढत बसू? चांगलं लिहिलं होतंस. मी चांगली दिसत होते त्यात.’ मग म्हणाली, ‘तुला एवढ्या लांब शिकायला का पाठवलं होतं, माहिती आहे?’

‘मी मोठी व्हावी म्हणून.’

‘खुर्चीसाठी,’ आई म्हणाली. ‘मागे टेकायला पाठ असते ना, तसली खुर्ची. तेवढंच मागत होते देवाकडे. मोठी-बिठी तू आपली आपण झालीस.’

उशी ओली झाली, तेलाने असेल.

तर संध्याकाळी आईने जाहीर केलं. ‘उद्यापासून गाडी. नाहीतर मी चूल पेटवत नाही.’ चूल तिची, हळद तिची, मापं तिच्या हातात. मी म्हटलं, बरं. तुम्हाला सांगते, मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. नाही वाटलं. हलकं वाटलं. शेजारच्या पोरीची जुनी हातगाडी मागून आणली, हिरव्या रंगाची, आठ बाटल्या ऐटीत उभ्या. आणि सकाळी विचार केला, आता टेकायचं तर नाहीच, मग डावीकडे वळायचं कशाला? गेले सरळ. रुंद रस्त्याने. मोठ्या घरांवरून. फाटकं बंद. एका घरातून नोकर आला, म्हणाला, साहेब पुडी घेतात. दहा वाजले, बाटल्या भरलेल्या. वळवली गाडी, परत टाकीपाशी आले, आणि तिथून गेले पाक मार्जुकींच्या दाराशी.

‘उशीर केलास,’ ते म्हणाले. प्यायले. पेला परत दिला. मी विसळला आणि निघाले.

‘बस ना.’

‘आता बसायची गरज नाही, काका. गाडी आहे. माझी पाठ मोकळी.’

त्यांनी होल्याकडे बघितलं. मग पिंजऱ्याची एक काडी उगाच काढली आणि परत घातली. ‘तुझी आई चार मिनिटं बसायची,’ म्हणाले. ‘तूसुद्धा बसायचीस. त्या चार मिनिटांत मी काय ते बोलायचो. बाकी दिवसभर ह्या होल्याशी किती बोलणार? तो एकच गोष्ट परत परत सांगतो.’

बसले. काय करणार? चार मिनिटांची पंधरा झाली, त्यांच्या मेव्हण्याचं घर पुरात गेलं तिथपासून सुरुवात होती. पुढे पायऱ्यांना वळसा घालून मशिदीमागे गेले, तर शिवणकाम करणारी बाई मशीन थांबवून वाटच बघत बसलेली. ‘गाडी आली तरी तू बसणारेस ना?’ बसले. नदीकाठी दगडावर धुणं धुणाऱ्या दोघी सरकून जागा करून. बसले. तेव्हा मला कळलं, आईने कठडे शोधले, आणि प्रत्येक कठड्याला एकेक माणूस चिकटलेलं निघालं. आता ओझं गेलंय, पण माणसं काही उठायला तयार नाहीत. नऊ ठिकाणी बसते. रोज.

आणि पाठ? पाठ जास्तच दुखायला लागली. आईसुद्धा चकित. तिनेच जन्मात पहिल्यांदा डॉक्टरचं नाव काढलं आणि मला दवाखान्यात नेलं. नवीन डॉक्टर आहेत, तरुण, राजधानीत शिकून मुद्दाम इथे आलेले, डोळ्यांत तेज वगैरे. पहिला प्रश्न, ‘काय काम करता?’ म्हटलं, ‘पाठदुखीचं औषध विकते.’ त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग सगळं विचारलं, वाकवलं, पाय उचलून बघितला, आणि म्हणाले, ‘टोपली सोडलीत ते उत्तम केलंत. गाडी चालेल. पण असं ठेंगण्या दगडांवर रोज नऊ वेळा बसणं, हे आजपासून बंद. महिन्याभरात फरक पडेल.’

मी म्हटलं, ‘करते की बंद, डॉक्टर. तुम्ही फक्त एकदा येऊन तेवढं पाक मार्जुकींना सांगा.’

आले हो. खरंच आले. सोमवारी सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, मोठ्या तळमळीने. म्हणाले, ‘आजोबा, ह्यांच्या मणक्यांच्या दृष्टीने...’ पाक मार्जुकी म्हणाले, ‘बसा ना.’ डॉक्टर बसले. पुराची गोष्ट पहिल्यापासून झाली. मंगळवारी परत आले, कारण ती सोमवारी अर्धी राहिली होती. आता रोज येतात, तांदळाचा गोडसर पेला घेतात आणि ऐकत बसतात. कठड्यावर तिघं काही मावत नाहीत, म्हणून मी आपली गाडी धरून उभी असते, आणि खोटं कशाला बोलू, पाठीला जरा उतार आहे. गुडघे मात्र कालपासून कुरकुरायला लागलेत. डॉक्टरांना विचारणार होते, समोरच बसलेले असतात, पण पाक मार्जुकी मध्ये बोलू देतील तर ना...